माहितीसाठी प्रत

सरकारी पत्राच्या तळाशी, सहीच्या खाली डाव्या अंगाला, बहुधा एक ओळ असते : “प्रत माहितीसाठी रवाना.” तिच्याखाली दोनचार कार्यालयांची नावे क्रमाने मांडलेली असतात. पत्र ज्याला उद्देशून असते त्याला आज्ञा मिळते. ह्या खालच्या मंडळींना केवळ वार्ता मिळते. त्यांनी काही करावे अशी अपेक्षा नसते. काय घडते आहे हे त्यांना ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा. आपल्यापैकी ज्यांचे दिवस फायलींच्या सहवासात जातात त्यांना ह्या ओळीचे अप्रूप वाटण्याचे काही कारण नाही. ती टंकलिखित होते, जावक नोंदवहीत चढते, आणि समोरच्या कार्यालयात पुष्कळदा न वाचताच फायलीला टाचली जाते. तथापि मोठ्या शहरांवर कोसळलेल्या संकटांचा इतिहास चाळू लागले म्हणजे असे दिसून येते की, कित्येकदा माणसे मेली ती आज्ञा चुकल्यामुळे नव्हे, तर ही एक ओळ वेळेवर लिहिली गेली नाही म्हणून.

विधान काहीसे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. ते तपासून पाहण्यासाठी आपल्या सर्वांच्या ओळखीचे एक शहर घेऊ. आपण दिल्लीत असू, भोपाळात असू वा कलकत्त्यात. आपले कोणी ना कोणी मुंबईत असतेच, आणि त्या शहरावर काही ओढवले म्हणजे आपला हात पहिल्याप्रथम दूरध्वनीकडे जातो. ह्या शहराच्या वाहतुकीचा इतिहास हा एका अर्थी अनेक धन्यांच्या घराचा इतिहास आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जी. आय. पी. कंपनीची. दुसरी कंपनी बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया ही. ती गुजराथेतून दक्षिणेकडे सरकत १८६४ च्या सुमारास मुंबईत पोहोचली. दोघींचे भागधारक निराळे, मार्ग निराळे, स्थानके निराळी. शहराच्या नैसर्गिक आकारामुळे दोन्ही लोहमार्ग एकमेकांच्या शेजारून धावू लागले, आणि दादर येथे तर इतके जवळ आले की एका पुलावरून पलीकडे जावे. तरीही दादर स्थानके दोन झाली. रस्त्यांवर १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली. हा कारभार पुढे बेस्ट ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीकडे होता. बंदराचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे, आणि १९१५ पासून त्या ट्रस्टची स्वतःची मालवाहू रेल्वेही होती. रस्ते महापालिकेचे, रस्त्यांवरील शिस्त पोलिसांची. युद्धकाळात ह्यांत लष्कर व आरमार यांची भर पडली.

साध्या दिवशी हे सारे धनी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. माणूस ट्राममधून उतरतो, पूल ओलांडतो, आगगाडीत बसतो; आपण तीन संस्थांच्या हद्दी ओलांडल्या हे त्याच्या गावीही नसते. हद्द ही अडचणीच्या दिवशी दिसू लागते. एका संस्थेच्या अंगणात आग लागते आणि तिची झळ दुसरीच्या अंगणात जाते. एकीच्या गाड्या बंद पडतात आणि तिचे प्रवासी दुसरीच्या फलाटावर लोटतात. अशा वेळी दोनच प्रश्नांना महत्त्व येते. निर्णय कोणी घ्यावयाचा, हा पहिला. आणि कोणाला कळवावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसले म्हणजे काय होते, हे मुंबईने १९४४ साली पाहिले. दुसऱ्याचे उत्तर नसले म्हणजे काय होते, हे तिने एकसष्ट वर्षांनी पाहिले.

१९४४ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज लागलेले होते. १२ तारखेस ते कराचीहून येथे पोहोचले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. तेलाची पिपे होती. आणि ह्या सर्वांच्या जोडीला सोन्याच्या विटा होत्या. कापूस आणि दारू एकाच जहाजात असू नयेत, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. पण युद्धाची निकड होती, जहाजांचा तुटवडा होता, आणि निकडीच्या काळात जो तो आपापल्या खात्यापुरता शहाणा असतो. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण फडकवावे असा संकेत होता. तेही ह्या जहाजावर लागलेले नव्हते. विचार केला तर ते निशाण म्हणजे शेजारच्या प्रत्येक जहाजाला, प्रत्येक हमालाला आणि प्रत्येक पहारेकऱ्याला पाठविलेली माहितीसाठीची प्रतच होती.

१४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर निघताना दिसला. त्यानंतरच्या दोन तासांचा वृत्तान्त वाचताना मन सुन्न होते, ते कोणाच्या भित्रेपणामुळे नव्हे. भित्रा असा तेथे कोणी नव्हताच. अग्निशामक दलाचे जवान जहाजावर चढून पाण्याचा मारा करीत होते, आणि तो शेकडो टनांचा होता. दारूगोळ्याची जाण असलेला लष्करी अधिकारी आला, त्याने धोका ओळखला आणि जहाज बुडवावे असे मत दिले. गोदीच्या व्यवस्थापनाकडून दुसरे मत आले : जहाज बाहेर समुद्रात ओढून न्यावे. बंबवाल्यांचा भरवसा पाण्यावर होता. जहाज ज्याच्या स्वाधीन होते त्या कप्तानासमोर अशी तीन मते उभी राहिली. प्रत्येक मतामागे अनुभव होता, प्रत्येकामागे एक संस्था होती, आणि इतरांना बांधून घेईल असा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही नव्हता. चर्चा चालू राहिली, आणि आग चर्चेसाठी थांबली नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा झाला, तो पहिल्याहून मोठा होता. आसपासची जहाजे फुटली, बुडाली, एखादे तर उचलून धक्क्यावर आदळले. जळता कापूस आणि तापलेले लोखंड वस्त्यांवर कोसळले. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान कामी आले, आणि आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. ज्या सहासष्टांनी आपली जागा सोडली नाही त्यांचे स्मरण करणे उचितच आहे. परंतु त्यांनी जागा सोडावी, असे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न त्या स्मरणात विरून जाता कामा नये.

पुढच्या काही वर्षांत कारभाराची पुष्कळ पुनर्घटना झाली. तिचा १९४४ च्या स्फोटाशी प्रत्यक्ष संबंध जोडणे बरोबर होणार नाही. पण तिची दिशा एकीकरणाची होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. व इतर रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली आणि त्याच दिवशी बी. बी. सी. आय. व तिच्या सोबतिणी मिळून पश्चिम रेल्वे झाली. कंपन्या गेल्या, भागधारक गेले, दोन्ही रेल्वे एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आल्या. ट्राम तर १९६४ मध्ये इतिहासजमा झाली. कागदावर पाहता धन्यांची संख्या कमी झाली होती. प्रत्यक्षात हद्दी पुसल्या गेल्या नाहीत, त्यांच्या पाट्या तेवढ्या बदलल्या. दादरची स्थानके दोनच राहिली. दोन्ही रेल्वे केंद्राच्या, बस महापालिकेची, पोलीस राज्याचे, हवामान खाते पुन्हा केंद्राचे. मालकी एक झाली म्हणजे संवादही एक होतो, हा आपल्याकडील एक जुना भ्रम आहे. एकाच इमारतीतील दोन विभागांत पत्र जाऊन उत्तर येण्यास किती दिवस लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना तो भ्रम फार काळ बाळगता येत नाही.

२६ जुलै २००५ रोजी ह्या भ्रमाची कसोटी लागली. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास मोजलेला पाऊस सुमारे ७३ मिलिमीटर होता. दोन्ही ठिकाणांत अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मंत्रालय, महापालिकेचे मुख्यालय, पोलीस आयुक्तालय, मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंची मुख्यालये आणि बेस्टचे मुख्य कार्यालय ही सारी शहराच्या दक्षिण टोकाला आहेत. म्हणजे ज्यांनी निर्णय घ्यावयाचे ते ७३ मिलिमीटरच्या पावसात बसलेले होते, आणि ज्यांच्यासाठी तो घ्यावयाचा ते ९४४ मिलिमीटरच्या पावसात उभे होते. खिडकीतून बाहेर पाहून परिस्थितीचा अंदाज घेण्याची जी मानवी खोड आहे, ती त्या दिवशी घातक ठरली.

दुपारी अडीच ते साडेतीन ह्या एका तासात उपनगरात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला, आणि चारच्या आत समुद्राला मोठी भरती आली. मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. कुर्ला, शीव हा सखल भाग पाण्याखाली गेला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पाऊस वाढतो आहे असे पाहून लवकर घरी निघालेली माणसे अर्ध्या वाटेत अडकली. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि चर्चगेट येथे दीड लाखाच्या आसपास प्रवासी खोळंबले. बेस्टच्या सुमारे नऊशे बसगाड्यांचे नुकसान झाले. विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. काही जण आपल्याच मोटारींत, काचा खाली न झाल्यामुळे, गुदमरून मेले. शहरात चारशेहून अधिक, आणि राज्यात हजाराच्या वर माणसे त्या पावसाने नेली.

त्या रात्री परप्रांतात नोकरीस असलेल्या आपल्या लोकांनी घरी फोन लावून पाहिला असेल. तो लागला नसेल. लक्षावधी दूरध्वनी मुके झाले होते. पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, फोन चालू होते त्या दुपारच्या वेळेत तरी काय कळविले गेले? कुर्ल्याच्या स्थानकातील माणसाला रुळांवरचे पाणी दिसत होते. उपनगरातील बस-आगाराला आपल्या गाड्या परतत नाहीत, हे कळत होते. चौकातल्या शिपायाला रस्ता दिसेनासा झालेला दिसत होता. हवामान खात्याच्या मापकात पाणी चढत होते. माहिती नव्हती, असे म्हणता येणार नाही. ती भरपूर होती, आणि पाण्याइतक्याच वेगाने वाढत होती. तिची रीत मात्र अशी की, तिने आपापल्या खात्याच्या शिडीने वर चढावयाचे. स्टेशनमास्तरने आपल्या नियंत्रण कक्षाला सांगावे, शिपायाने आपल्याला. शेजारच्या शिडीवर पाय ठेवण्याची मुभा नाही आणि सवयही नाही. रेल्वे बंद पडली हे रस्त्यावरच्या वाहतुकीच्या दृष्टीने त्या दिवसाचे सर्वांत मोठे वर्तमान होते. कारण रेल्वेचे लाखो प्रवासी आता रस्त्यावर येणार होते. तरी ते वर्तमान शहराला एकमुखाने, एका वेळी, “जेथे आहात तेथेच थांबा” अशा स्पष्ट शब्दांत मिळाले नाही.

माहितीची जागा रिकामी राहिली म्हणजे ती रिकामी राहत नाही, अफवा ती भरून काढते. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, धरण फुटले, समुद्र चढून येतो आहे, अशी आवई उठली. आदल्या डिसेंबरातील त्सुनामी लोकांच्या स्मरणात ताजी होती. जुहूच्या नेहरूनगर वस्तीत झालेल्या चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुले होती. ह्यांना पाण्याने मारले नाही.

ह्या दिवसांविषयी लिहिताना मुंबईकरांच्या माणुसकीचे गुणगान करण्याचा प्रघात आहे, आणि ते गुणगान यथार्थ आहे. अनोळखी माणसांना घरात घेणे, रात्रभर चहा करून वाटणे, गळ्याइतक्या पाण्यात हातांची साखळी करून परक्यांना पलीकडे नेणे, हे त्या शहराने केले. परंतु ज्या संस्थांना पगार देऊन नेमले आहे त्यांच्या उणिवा झाकण्यासाठी ह्या माणुसकीचा उपयोग होऊ लागला, तर ते त्या माणसांवर दुहेरी अन्याय करणारे होईल. त्यांनी साखळी केली, कारण वरच्या साखळीत कड्या जुळलेल्या नव्हत्या.

हा रोग मुंबईचा एकटीचा नाही. अनेक संस्था आणि एक संकट, ही स्थिती जेथे जेथे आली तेथे तेथे तो प्रकट झाला आहे, आणि काही ठिकाणी त्यावर विचारपूर्वक उपचारही झाले आहेत. त्यांपैकी दोन अमेरिकेतले आहेत. योगायोगाने एक आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि दुसरे दुसऱ्याचे.

१९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियातील रानांना तेरा दिवस वणवे लागले. सोळा माणसे दगावली, सुमारे सातशे इमारती जळाल्या. विझविण्यास आलेली दले अनेक सरकारांची व नगरांची होती. त्यांच्या बिनतारी यंत्रांच्या लहरी जुळत नव्हत्या आणि बोलण्यातील संज्ञाही जुळत नव्हत्या. ह्या अनुभवातून पुढील काही वर्षांत इन्सिडेंट कमांड सिस्टिम नावाची पद्धती तयार झाली. तिचे सार एवढेच की, घटनास्थळी एक नायक ठरलेला असावा, त्याच्या हाताखालची कामे ठरलेली असावीत आणि सर्वांनी एकच भाषा बोलावी. नायक कोणत्या खात्याचा, ह्याला महत्त्व नाही; तो कोण, हे सर्वांना ठाऊक असावे. १९४४ च्या धक्क्यावर जे हवे होते ते हेच.

दुसरा उपचार न्यूयॉर्कचा. तेथील महानगर न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट अशा तीन राज्यांत पसरलेले. पूल व भुयारे एकाची, महामार्ग दुसऱ्याचे, भुयारी रेल्वे तिसऱ्याची, पोलीस नगरोनगरचे. एकाने पूल दुरुस्तीस काढावा आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याने समांतर रस्ता खणावा, ह्या प्रकाराला कंटाळून १९८६ साली त्या संस्थांनी ट्रान्सकॉम नावाचे मंडळ स्थापन केले. पुढे त्यात सोळा संस्था आल्या. जर्सी सिटी येथे अहोरात्र चालणारा एक माहितीकक्ष त्यांनी मांडला. ह्या मंडळाची गंमत अशी की, त्याला कोणावरही हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता. पूल बंद करा, असे ते सांगू शकत नव्हते. पूल बंद झाला आहे, एवढेच सांगू शकत होते. पण ते ज्यांना सांगावयाचे त्या सर्वांना सांगत होते आणि लगेच सांगत होते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, अनेक सरकारांनी मिळून केवळ ‘प्रत माहितीसाठी’ पाठविण्याकरिता एक कचेरी उघडली होती.

११ सप्टेंबर २००१ रोजी ह्या कचेरीची परीक्षा झाली. सकाळी पावणेनऊच्या सुमारास पहिले विमान आदळले. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी बंदर-संस्थेने आपले सर्व पूल व भुयारे बंद केली. तिचे स्वतःचे मुख्यालय त्या मनोऱ्यातच होते. तिची चौऱ्याऐंशी माणसे त्या दिवशी मेली. शहराचे आपत्ती-नियंत्रण केंद्र शेजारच्या इमारतीत होते. ते सकाळीच सोडावे लागले आणि संध्याकाळी ती इमारतही कोसळली. म्हणजे ज्या जागेवरून आज्ञा सुटावयाच्या ती जागाच उरली नव्हती. तरीही वार्ता फिरत राहिली. नदीपलीकडच्या माहितीकक्षातून आणि त्याच्याशी जोडलेल्या इतर राज्यांच्या संस्थांमधून ती महामार्गांवर पोहोचली, आणि शेकडो किलोमीटर दूरच्या फलकांवर न्यूयॉर्क बंद असल्याचे शब्द उमटले. मनोऱ्यांखालच्या स्थानकांत भुयारी गाड्या होत्या. त्यांतील प्रवासी वेळीच हलविले गेले. नदीवर नावाड्यांना साद घातली गेली आणि सुमारे पाच लाख माणसे नऊएक तासांत पाण्यावरून पार झाली. हे सारे श्रेय एका कचेरीचे नव्हे, असे कोणी म्हणूही नये. परंतु पंधरा वर्षे रोज किरकोळ अपघातांच्या, खणलेल्या रस्त्यांच्या आणि बंद पडलेल्या दिव्यांच्या वार्ता एकमेकांना देत राहिल्यामुळे त्या संस्थांना एकमेकांचे क्रमांक पाठ झाले होते आणि आवाज ओळखीचे झाले होते. मोठ्या दिवशी उपयोगी पडते ती लहान दिवसांची सवय.

आपल्याकडेही २००५ नंतर पाऊल पडले, हे नमूद केले पाहिजे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबईच्या पुराची चौकशी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला; त्याने देश, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पायऱ्यांवर प्राधिकरणे नेमली, आणि त्यातूनच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या पद्धतीवरून बेतलेली मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय प्राधिकरणाने प्रसिद्ध केली. मुंबईत पर्जन्यमापके दोनांवरून अनेक झाली. कुलाब्याच्या खिडकीतून सांताक्रूझचा पाऊस जोखण्याची गरज उरली नाही.

ह्या बदलांचे फळ २७ जुलै २०१९ रोजी पाहावयास मिळाले. कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात रात्रभर अडकून पडली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. रेल्वे, जिल्हा प्रशासन, प्रतिसाद दल, आरमार, वायुदल आणि आसपासचे गावकरी असे सर्व जण सकाळी त्या पाण्यात उतरले. गाडीतून उतरू नका, असे प्रवाशांना एका तोंडाने सांगितले गेले. दुपारपर्यंत सर्वांना नावांतून बाहेर काढले गेले, आणि कल्याणहून दुसरी गाडी त्यांना घेऊन कोल्हापूरला निघाली. एकही जीव गेला नाही. नदीचे पाणी चढते आहे हे नदीकाठच्या गावाला कळते तेव्हाच रेल्वेलाही कळते का, हा प्रश्न त्या रात्रीने अर्थातच मागे ठेवला. पण १९४४ चा धक्का आणि २०१९ ची वांगणी ह्यांच्यात जे अंतर पडले आहे, ते पंचाहत्तर वर्षांहूनही मोठे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. वार्ता देणे हे दुबळ्याचे काम आहे. संकटात हवा तो खंबीर हुकूम, असे पुष्कळांस वाटते. त्यांना १९४४ ची आठवण द्यावी. त्या दुपारी धक्क्यावर वार्ता होती, हुकूम नव्हता. म्हणून हुकमाचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु २००५ मध्ये हुकूम देणारे आपापल्या खुर्चीत होते, आणि त्यांच्यापर्यंत वार्ता आलेली नव्हती. आंधळ्या हुकमापेक्षा डोळस वार्ता बरी. कारण वार्ता मिळाली म्हणजे शहाणा माणूस आपल्या जागी राहून योग्य ते करतो, मग तो स्टेशनमास्तर असो की बस-आगाराचा व्यवस्थापक.

दुसरा आक्षेप कारकुनी अनुभवातला आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. प्रत सर्वांना पाठविली म्हणजे ती कोणीच वाचत नाही. पंचवीस कार्यालयांची नावे खाली मांडणारा लेखनिक बहुधा स्वतःची जबाबदारी झटकत असतो. म्हणूनच नावांची ती यादी संकटाच्या आधी, शांतपणे, विचार करून ठरलेली असली पाहिजे. कुर्ल्यात रुळांवर पाणी आले तर कोणत्या आगाराला, कोणत्या पोलीस चौकीला, कोणत्या रुग्णालयाला आणि कोणत्या शाळांना पहिल्या दहा मिनिटांत कळावे, हे पाणी येण्यापूर्वी लिहून ठेवता येते. त्याला मोठा निधी लागत नाही. शेजारच्या खात्यातील माणूस हा आपल्याच कामाचा अर्धा भाग आहे, एवढे मानावे लागते. आणि बहुधा तेच सर्वांत अवघड असते.

दादरचे उदाहरण देऊन हा लेख पुरा करतो. तेथे दोन रेल्वेंची दोन स्थानके असल्यामुळे पहिल्या क्रमांकाचे फलाटही दोन होते. नवखा माणूस “एक नंबर” असे ऐकून एका एक नंबरावर जाई आणि त्याची गाडी दुसऱ्या एक नंबरावरून सुटे. एकाच मंत्रालयाच्या दोन रेल्वे, मध्ये एक पूल, आणि तरीही आकड्यांचा हा घोळ स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालू राहिला. ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांना एकच अनुक्रम देण्यात आला : पश्चिम रेल्वेचे एक ते सात, आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे. कोणाची मालकी गेली नाही, कोणाचा अधिकार कमी झाला नाही, कोणी कोणाच्या हाताखाली आले नाही. दोन शेजाऱ्यांनी एकच मोजणी मान्य केली, एवढेच झाले. आता कोणी धावत्या गर्दीत “आठ नंबरावर या” असे ओरडले, तर ऐकणारे सारे एकाच जागी पोहोचतील.